भात, आंबट, वाटप: कोकणातल्या घरचा स्वयंपाक शिकण्याचा क्रम

स्वयंपाक शिकायला घेतला की बहुतेकांचा पहिला हात सुरमईच्या कालवणाकडे नाहीतर कोंबडी-वड्यांकडे जातो. जीव तिथेच अडकलेला असतो, त्यात गैर काही नाही. पण कोंबडी-वडे म्हणजे भाजकं वाटप, मसाल्याचा अंदाज, वड्यांच्या पिठाची भिजवण आणि तळणीचा ताव, अशी चार कामं एकाच दुपारी. चव बिघडली तर यातलं नेमकं काय चुकलं हे नवशिक्याला कळायला मार्ग नसतो. एका वेळी एकच नवी गोष्ट हातात घेतली तर चूक कुठे झाली ते लगेच दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सुधारता येतं.

माझ्या मते कोकणातलं रोजचं जेवण तीन गोष्टींवर उभं आहे: भात, आंबट आणि नारळाचं वाटप. याच क्रमाने ती शिकावीत. मासे त्यानंतर. नोकरीसाठी बाहेर पडलेला मुलगा असो, लग्न होऊन नव्या घरात आलेली मुलगी असो, की निवृत्त होऊन गावच्या घरी परतलेले काका असोत, हा क्रम सगळ्यांना लागू पडतो.

घराघरांत फरक राहणारच. अलिबागकडे वालाचं बिरडं, रत्नागिरीच्या ब्राह्मणी घरांत आमसूल-गुळाची आमटी, मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबार आणि तिरफळ घातलेला बांगडा, कोकणी मुसलमान घरांत सांदण. खालची प्रमाणं दोन-तीन माणसांची आहेत. वाटी कोणतीही घ्या, पण शेवटपर्यंत तीच ठेवा.

भात: आधी टोपात, मग कुकरात

कुकरच्या शिट्ट्या मोजून भात होतो, पण भात समजत नाही. झाकण उघडून शीत बघता येतं म्हणून पहिले काही दिवस टोपातच करा.

एक वाटी तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन वीस मिनिटं निथळत ठेवा. घरात रोवळी (तांदूळ निथळायची बांबूची टोपली) असेल तर उत्तम. टोपात सहा वाट्या पाणी खळखळून उकळू द्या, थोडं मीठ घाला आणि तांदूळ सोडा. झाकण अर्धवट ठेवा. दहा मिनिटांनी एक शीत काढून अंगठा आणि बोटात दाबा. मधे कडक कणी लागली तर अजून दोन मिनिटं. कणी जेमतेम जाणवत असेल तेव्हाच भात वेळायचा, म्हणजे झाकण धरून पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून काढायचं. मग टोप पुन्हा अगदी मंद आचेवर, झाकण घट्ट, पाच मिनिटं. उरलेली कणी त्या वाफेत शिजते. वेळलेलं पाणी फेकू नका, मीठ आणि चमचाभर तूप घालून प्या.

हे चार-पाच वेळा केल्यावर कळेल की नवा तांदूळ लवकर शिजतो आणि चिकटतो, जुना पाणी जास्त पितो आणि मोकळा होतो. मग कुकरमध्ये जुन्याला दोन वाट्या पाणी आणि नव्याला त्याहून थोडं कमी, हे कुणी सांगावं लागत नाही. उकड्या तांदळाचं गणित वेगळं. तो साळीतच, म्हणजे टरफलासकट उकडून मग गिरणीत सडलेला असतो, त्यामुळे त्याला पाणी आणि वेळ दोन्ही भरपूर लागतं. त्याची पेज करायची तर तासभर भिजवून सात-आठपट पाण्यात मंद आचेवर ठेवा, शीत फुलून फुटेपर्यंत. सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा लोणचं असलं की ते पूर्ण जेवण झालं.

एक सावधगिरी. किनाऱ्यावरच्या दमट हवेत शिजलेला भात ओट्यावर तासन् तास ठेवू नये. उरलेला भात पसरट ताटात निववून लवकर फ्रीजमध्ये टाका.

आंबट: कोकमाची ओळख

देशावर जे काम टोमॅटो आणि चिंच करतात, ते इथे बहुतेक वेळा कोकम करतं. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून, त्यांच्या साली त्याच फळांच्या रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवतात, ती आमसुलं. मीठ घालून साठवलेला रस म्हणजे आगळ. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नवशिक्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आगळात आणि बऱ्याच आमसुलांत मीठ आधीच असतं, म्हणून पदार्थात आंबट पडल्यावर चव घ्या आणि मगच मीठ घाला. आणि कोकमाचा पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू किंवा ठेवू नका. स्टील, माती किंवा काच वापरा.

आंबट शिकण्यासाठी कुळथाच्या पिठीइतका चांगला गुरू नाही. वीस मिनिटांत होते, स्वस्त आहे, आणि बिघडली तरी खाता येते.

चार चमचे कुळथाचं पीठ अर्धी वाटी गार पाण्यात नीट कालवून ठेवा. पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर गोळीचं बाहेरचं पीठ आधी शिजून आतलं कोरडं राहतं, गुठळ्या होतात त्या यामुळेच. टोपात पळीभर तेल तापवून पाच-सहा ठेचलेल्या लसूणपाकळ्या घाला. कडा तांबूस झाल्या की दोन मिरच्या आणि बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की हळद आणि तीन वाट्या पाणी. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतत, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. कच्च्या पिठाचा वास गेला की तीन आमसुलं टाका, चार मिनिटं थांबा, चव घ्या, मीठ घाला. थोडी पातळ असतानाच उतरवा, कारण निवली की ती दाटते.

आता हीच पिठी पुढच्या वेळी आमसूल न घालता करून बघा. मग तीनऐवजी पाच आमसुलं घालून बघा. किती आंबटाने काय होतं हे जिभेला एकदा कळलं की माशाच्या कालवणात हात आपोआप थांबतो.

वाटप: इथेच सगळा वेळ द्या

कोकणी स्वयंपाकाचा गाभा हा आहे, आणि शिकणारे नेमकं हेच घाईत उरकतात. म्हणून इथे थोडं सावकाश जाऊ.

नारळ घेताना हातात जड वाटला पाहिजे, हलवला की पाण्याचा आवाज आला पाहिजे, आणि तीन डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी नसावी. फोडताना नारळ डाव्या तळहातावर आडवा धरा आणि मधल्या रेषेवर कोयत्याच्या पाठीने फिरवत फिरवत घाव घाला. एकाच जागी जोर लावला तर वेडावाकडा फुटतो. खवताना पांढरंच खवा. काळपट पाठ आली की सोलकढीचा रंग मळतो. मध्यम नारळाचं साधारण दोन वाट्या खोबरं निघतं.

वाटपं मुख्यतः दोन. माशाला सहसा ओलं वाटप, म्हणजे न भाजलेलं खोबरं, भिजवलेल्या लाल मिरच्या आणि धणे. उसळींना आणि कोंबडीला भाजकं. ओलं सोपं आहे, भाजक्याला संयम लागतो.

भाजक्यासाठी दोन कांदे उभे पातळ चिरा. लोखंडी तव्यावर किंवा कढईत दोन चमचे तेल घालून मध्यम आचेवर परता. कडा करपू न देता आतपर्यंत तपकिरी व्हायला हवेत, याला दहा-बारा मिनिटं लागतात. कांदा काढून घ्या. त्याच कढईत दीड वाटी खोबरं घालून आच मंद करा. इथे कालथा हातातून सोडायचा नाही. खोबरं आधी वाफाळतं, मग कोरडं होतं, मग वास बदलतो, आणि त्यानंतर रंग झपाट्याने चढतो. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाहीसं वाटतं आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळं होतं. पिकल्या विटेचा रंग आला की लगेच ताटात काढा, कारण गरम कढईत ते आच बंद केल्यावरही भाजत राहतं. काळे ठिपके दिसले तर ते वेचून टाका. बरेच असतील तर वाटप नव्याने करा, कडवटपणा गुळाने झाकत नाही.

पूर्ण निवल्यावर आधी कोरडंच फिरवा, मग चमचा-चमचा पाणी घालून वाटा. सुरुवातीलाच भसाभस पाणी ओतलं तर खोबरं पात्याखाली न येता नुसतं फिरत राहतं. वाटप गंधासारखं बारीक व्हायला हवं. दोन बोटांत चोळून रवाळ लागलं तर अजून फिरवा. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं. जास्तीचं केलं तर एका वेळेपुरते गोळे करून फ्रीजरमध्ये ठेवा, आठवड्याच्या मधल्या दिवशी कामावरून दमून आल्यावर ते फार उपयोगी पडतात.

या वाटपाची पहिली परीक्षा काळ्या वाटाण्यावर घ्या. दीड वाटी वाटाणे रात्रभर भिजवा, मीठ न घालता कुकरमध्ये मऊ शिजवा. दोन पळ्या शिजलेले वाटाणे वाटपासोबतच वाटून घ्या, रस्सा मिळून येतो. तेलात एक बारीक कांदा परतून दोन चमचे मालवणी मसाला घाला, मसाला करपायच्या आत वाटप घाला, कडेला तेल दिसेपर्यंत परता. मग वाटाणे, त्यांचं शिजवलेलं पाणी आणि मीठ. दहा मिनिटं उकळल्यावर आमसूल. आंबट आधी घालायचं नाही, कारण आंबटात कडधान्य नीट शिजत नाही, कितीही वेळ ठेवलं तरी दातात टचटचीत लागतं.

मसाला सुरुवातीला ओळखीच्या घरचा किंवा गावच्या गिरणीतून आणा. वर्षाचा मसाला एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या वाळवून करतात, ते काम पहिल्या वर्षी शिकणाऱ्याने अंगावर घेऊ नये. कुणाकडे मसाला होत असेल तर मदतीला मात्र जरूर जा. मिरच्यांचे देठ काढण्यापासून धणे, दगडफूल, बडीशेप, लवंग वेगवेगळं भाजण्यापर्यंत सगळं डोळ्यांसमोर होतं.

सोलकढी याच टप्प्यावर शिका. दोन वाट्या खोबरं, दोन लसूणपाकळ्या, अर्धी मिरची आणि एक वाटी कोमट पाणी वाटून फडक्यातून पिळा. चोथ्यात पुन्हा वाटीभर पाणी घालून दुसरं दूध काढा. आठ-दहा आमसुलं अर्ध्या वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चोळा आणि ते पाणी दुधात घाला. ही गरम करायची नाही, उष्णता आणि आंबट एकत्र आले की नारळाचं दूध फाटतं.

घरातल्या मोठ्यांकडून कसं शिकायचं

आईला किंवा आजीला “मीठ किती?” विचारलं की “अंदाजान घाल गो” हेच उत्तर येणार. ती टाळत नसते. तिचं माप तिच्या मुठीत आणि डोळ्यांत आहे, आकड्यात नाही. ते आकड्यात आणण्याची मेहनत शिकणाऱ्याने करावी.

सोपी युक्ती आहे. तिने स्वयंपाक सुरू करण्याआधी मिठाचा, मसाल्याचा आणि पिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा. तिला मधे टोकू नका. जेवण झाल्यावर डबे पुन्हा तोला. फरक म्हणजे तिचा अंदाज. एकच पदार्थ दोन-तीनदा असा तोलला की तिचा हात किती पक्का आहे ते पाहून थक्क व्हायला होतं.

विचारायचंच असेल तर “किती” ऐवजी “कधी” विचारा. आता कांदा झाला हे तुला कशावरून कळलं? आता मासा का सोडलास? याची उत्तरं फार नेमकी मिळतात: वास बदलला, आवाज थांबला, तेल कडेला आलं. ती त्याच दिवशी लिहून काढा, तिच्याच शब्दांत. नंतरच्या खेपेला तुम्ही करा आणि ती शेजारी बसू दे. एक बोली करून घ्या की ती पळीला हात लावणार नाही, फक्त सांगेल. दूर राहत असाल तर व्हिडिओ कॉलवर फोन स्वतःच्या तोंडाकडे न धरता कढईकडे धरा, म्हणजे रंग पाहून ती सांगू शकते.

मासे: बांगड्यापासून सुरुवात

पहिला मासा पापलेट नको. महाग आहे, आणि थोडा जास्त शिजला की वाया जातो. बोंबील पाणीदार, हातात मोडतो. बांगडा तेलकट, घट्ट अंगाचा, स्वस्त, आणि नवशिक्याला सांभाळून घेणारा.

हर्णै बंदरावरचा लिलाव किंवा रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर जवळ असेल तर एकदा ओळखीच्या माणसाबरोबर जा आणि नुसतं बघा. घेताना डोळे चकचकीत आणि फुगीर हवेत, कल्ले लाल, पोट घट्ट. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. तिसऱ्या (शिंपल्या) घेतल्या तर शिंपले मिटलेले असावेत, आणि शिजल्यावरही जो उघडत नाही तो खायचा नाही. सुरुवातीला मासे विकणाऱ्या मावशींकडूनच कापून घ्या आणि कालवणाला की तळायला ते आधी सांगा, तुकडा त्याप्रमाणे पडतो. एकाच मावशींकडे नेमाने गेलात तर कुठला मासा आज घेऊ नकोस हेही त्याच सांगतात, आणि ते शिक्षण कुठे विकत मिळत नाही.

बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात उघडे राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होतं. ते शिजवून जात नाही. तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. म्हणून घर लांब असेल तर बर्फ घालूनच आणा.

तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण असं करा:

१. अर्धा किलो बांगड्याचे तुकडे धुऊन मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा. डोकी टाकू नका, रश्शाला चव तीच देतात.

२. एक वाटी ओलं खोबरं, कोमट पाण्यात भिजवलेल्या सहा-सात बेडगी मिरच्या, चमचाभर धणे आणि पाव चमचा हळद गंधासारखं बारीक वाटा.

३. सात-आठ तिरफळांच्या आतल्या काळ्या बिया काढून टाका, साली किंचित ठेचा.

४. वाटप पसरट टोपात काढून दीड वाटी पाणी, तिरफळं आणि पाच आमसुलं घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळा. आताच चव घ्या, मासा पडल्यावर ढवळता येत नाही.

५. तुकडे एका थरात सोडा. पळी घालू नका, टोप फडक्याने धरून गोल हलवा. सहा-सात मिनिटांत मांस काट्यापासून सुटू लागतं. वरून चमचाभर कच्चं खोबरेल, आच बंद, झाकण ठेवून अर्धा तास मुरू द्या.

याला फोडणी लागत नाही. तिरफळाची सालसुद्धा चावायची नसते, सुगंध रश्शात उतरला की तिचं काम झालं.

तळताना मीठ, हळद, तिखट आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा, तांदळाचं पीठ आणि रवा मिसळून त्यात घोळवा, आणि तवा चांगला तापल्यावरच सोडा. चार मिनिटं त्याला हात लावू नका. खालची बाजू भाजली की मासा स्वतःहून तवा सोडतो. चिकटलेला वाटला तर त्याची वेळ झालेली नाही एवढंच.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्यासाठी मे महिन्यातच सुकट (सुकवलेली बारीक कोळंबी), सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), सुका बांगडा घेऊन एक कडक ऊन देऊन हवाबंद डब्यात भरा. सुकट आधी कोरडी भाजायची, मग चोळून डोकी-पाय पाखडायचे आणि शेवटी धुवायची. आधी धुतली तर कुरकुरीत होत नाही. या दिवसांत टाकळा, भारंगी, फोडशी अशा रानभाज्याही येतात, पण ओळखणारं माणूस सोबत असल्याशिवाय स्वतः खुडून आणू नका. अळू खाजतं ते त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. चांगलं शिजवा आणि आमसूल किंवा चिंच सढळ घाला.

घावन आधी, भाकरी नंतर

तांदळाच्या पिठात मीठ आणि ताकासारखं पातळ होईल इतकं पाणी घालून बिडाच्या तव्यावर कडेपासून आत ओतलं की घावन. दर वेळी पीठ तळापासून ढवळा, ते खाली बसतं. झाकण ठेवा, कडा सुटल्या की काढा. भाकरीला उकड लागते: एक वाटी पाणी मीठ घालून उकळा, आच बंद करून एक वाटी पीठ घाला, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि सोसवेल तितकं गरम असताना मळा. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा, ते सुकायच्या आत उलटा, मग थेट आचेवर फुगवा. भाकरीच्या कडांना चिरा पडल्या तर उकड कोरडी आहे किंवा मळणी कमी झाली आहे. हात बसायला वेळ लागतो. हीच उकड हाताला आली की मोदकांची पारी अवघड जात नाही.

पहिलं पूर्ण जेवण

हे सगळं सुटंसुटं जमलं की चार माणसांना जेवायला बोलवा: भात, काळ्या वाटाण्याची उसळ, तळलेला बांगडा, सोलकढी, घावनं. आदल्या रात्री वाटाणे भिजवा आणि वाटप भाजून, वाटून ठेवा. सकाळी आधी सोलकढी करून फ्रीजमध्ये, मग उसळ. उसळ तासभर मुरली तर उलट चांगली लागते. अकराला मासे आणून, मुरवण लावून थंड जागी ठेवा. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी भात. मासे ते आल्यावर तळा. आणि घावनं सगळे पानावर बसल्यावरच घाला. पहिलं बहुतेक वेळा तव्याला धरतं, ते बाजूला काढून तव्यावर तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवा, दुसरं सुटून येतं.